काळा दगड, काळा साका
(लेखमाला : मातीतलं रसायन, भाग ९)

मागच्या भागात आपण सौंसरपर्यंत आलो होतो. पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, पण भूविज्ञानात सौंसरचं नाव त्याच्या कितीतरी आधी पक्कं बसलंय. इथून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या मॅंगनीजवाल्या प्राचीन खडकांना ‘सौंसर गट’ म्हणतात.

एल. एल. फर्मर या इंग्रज भूवैज्ञानिकाने या पट्ट्यातल्या खाणी पाहिल्या आणि १९०९ साली भारतातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ काढला. जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सितापारवरून त्याने एका खनिजाला ‘सितापाराइट’ नाव दिलं. पुढे ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं आणि सितापार यादीतून गळालं. हळहळ वाटते खरी, पण आपलं काम त्याच्या दुसऱ्या खनिजाशी आहे. रामटेककडच्या बेलडोंगरीचं व्रेडेनबर्गाइट चुंबकाला चांगलंच चिकटतं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की त्याचं गुपित कळतं : हा एक पदार्थ नव्हेच. हाउसमनाइट आणि जॅकोब्साइट यांच्या पातळ पट्ट्या एकमेकींत घुसलेल्या दिसतात. तापलेलं असताना एकजीव असलेलं खनिज सावकाश थंड होताना दुभंगलं. चुंबकपणा जॅकोब्साइटचा. त्यात मॅंगनीजचा एक अणू, लोहाचे दोन, ऑक्सिजनचे चार.

हेच जॅकोब्साइट चंचुपात्रात तासा-दोन तासांत करता येतं. १.९८ ग्रॅम मॅंगनीज क्लोराइड आणि ५.४१ ग्रॅम फेरिक क्लोराइड (दोन्ही स्फटिकजलासह) पाण्यात विरघळवायचं. वजनं अशी विचित्र, कारण मोजायचे असतात ते अणू : एकास दोन. दुसरीकडे कॉस्टिक सोड्याचं द्रावण उकळीच्या जवळ आणायचं. हिशोबाने ३.२ ग्रॅम सोडा पुरतो, प्रत्यक्षात जास्तच घेतात. मग क्षारांचं द्रावण त्यात झटकन ओतायचं आणि ढवळत राहायचं. आधी गंजाच्या रंगाचा, चिकट, फुगलेला साका दिसतो. ही नुसती हायड्रॉक्साइडं, चुंबक त्यांना विचारत नाही. उष्णता टिकवली की हळूहळू पाणी सुटतं, अणू जागेवर बसतात आणि साका काळपट होत जातो. आता पात्राखाली चुंबक धरा, काळं सगळं तळाला ओढलं जातं. वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा तेच. गाळणकागदाची गरजच नाही. हिशोबाने २.३१ ग्रॅम पूड मिळायला हवी. धुण्यात थोडी जातेच.

झटकन का ओतायचं? संत्र्याच्या झाडाला एकदम फार फळं धरली की ती बारीक राहतात, तसंच हे. एकाच क्षणी असंख्य कण जन्मले की वाढायला माल कुणालाच पुरत नाही आणि कण दहाएक नॅनोमीटरवर अडतात. थेंब थेंब ओतलं तर आधी जन्मलेले कण नंतर आलेला माल खात बसतात, आणि लहानमोठ्यांची खिचडी होते.

खरी कटकट मॅंगनीजची. कॉस्टिक सोड्यात त्याचं हायड्रॉक्साइड हवेतला ऑक्सिजन ओढून तपकिरी पडतं, आणि लोहाशी जुळण्याआधीच भलतं ऑक्साइड बनतं. म्हणून बरेच जण द्रावणातून नायट्रोजन सोडत राहतात. गंमत अशी, की उघड्यावर पडलेल्या मॅंगनीजवाल्या दगडाला काळा करणारी रासायनिक क्रिया हीच. खाणवाल्याला ती फायद्याची, प्रयोगशाळेत मात्र ती डोकेदुखी.

आकार का जपायचा, तेही सांगतो. एवढ्याशा कणात चुंबकत्वाची दिशा एकच असते, आणि खोलीच्या तापमानालाही ती सतत उलटसुलट होत राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ साली याचं गणित मांडलं. परिणाम असा, की चुंबक जवळ असेतो कण ओढले जातात, दूर नेला की चुंबकत्व शून्य. एमआरआयमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून असे कण रक्तात सोडायचे, तर हाच गुण लागतो. चुंबक होऊन एकमेकांना चिकटलेले कण रक्तवाहिनीत कुणाला हवेत?

चुंबकाशिवायही ते चिकटतात, ही दुसरी अडचण. धुतलेली पूड तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी तळाला गोळा. त्यासाठी प्रत्येक कणाला ओलेइक आम्लाचं वेष्टण चढवतात; ते कसं, पुढच्या आठवड्यात.