आधी खुर्च्या, मग मिकी माऊस

मुलांच्या वाढदिवसाचं सामान भाड्याने द्यायचा धंदा म्हटलं की डोळ्यांसमोर पहिला उभा राहतो तो जत्रेतला, मुलं आत उड्या मारतात तो हवेचा मिकी माऊस. नवीन माणूस हातातलं सगळं भांडवल त्यातच घालतो. माझ्या मते ती वस्तू सगळ्यात शेवटी घ्यावी. का ते पुढे येईलच.

पहिली खरेदी

पुणे, नाशिक, ठाण्यासारख्या शहरांत बरेच वाढदिवस सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दोन-तीन तासांत उरकतात. तिथे हमखास लागतात त्या वस्तू साध्या आहेत: मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलं, मागे पडदा लावायची लोखंडी चौकट, बुडबुड्यांचं मशीन, माइकसह स्पीकर आणि बॉल पूल. खुर्च्या एकात एक बसणाऱ्या आणि एकाच रंगाच्या घ्याव्यात. चार तुटल्या तर तोच रंग पुन्हा मिळेल ना, हे दुकानदाराला आधीच विचारून ठेवावं.

बॉल पूल दिसायला सोपा, पण चेंडू भरपूर लागतात. पाच बाय पाच फुटांचा हौद फूटभर भरायचा तर सात सेंटिमीटर व्यासाचे दोन हजारांच्या वर चेंडू जातात. खरं काम आहे ते धुण्याचं. जाळीच्या पिशवीत भरून साबणाच्या पाण्यात बुचकळायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे आणि सावलीत पसरायचे. घाईत ओलेच गोणीत भरले की पुढच्या कार्यक्रमाला कुबट वास येतो, आणि मुलाला आत सोडण्याआधी आई चेंडू हातात घेऊन वास बघतेच. खेळणी घेताना आयएसआय मार्क पाहावा; १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे.

भाडं कसं ठरवायचं

समजा, बॉल पूल चेंडूंसकट १८,००० रुपयांना पडला आणि भाडं १,५०० ठेवलं. छोटा हत्ती टेम्पो, एक मदतनीस आणि धुणं यांत ९०० गेले, तर हातात राहिले ६००. म्हणजे ३० कार्यक्रम होईपर्यंत ती वस्तू स्वतःचेच पैसे फेडते आहे. पण त्याच गाडीत खुर्च्या, चौकट आणि बुडबुड्यांचं मशीनही गेलं, तर गाडी तेवढीच, माणूसही तोच, आणि बिल मात्र दुप्पट. म्हणून सुटी वस्तू द्यायच्या फंदात फारसं पडू नये, पॅकेज करावं. मांडायला एक खेप आणि उचलायला दुसरी, या दोन्ही भाड्यात धरायच्या. दुसरी खेप विसरणारे पुष्कळ.

मिकी माऊस घ्यायचाच असेल तर

डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या डेव्हनपोर्ट इथल्या एका शाळेत वाऱ्याच्या झोताने असा हवेचा किल्ला उचलला गेला आणि सहा मुलांचा जीव गेला. हा खेळ धोक्याचा होतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे, आणि वाऱ्यापासून वाचवतं ते त्याचं बांधणं.

युरोप-ब्रिटनमध्ये पाळलं जाणारं मानक सांगतं की किमान सहा ठिकाणी बांधायचं आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की मुलांना उतरवून हवा काढायची. हा वेग म्हणजे लहान झाडं डोलायला लागतात तेवढा. मऊ जमिनीत लांब लोखंडी खुंट्या ठोकता येतात. सोसायटीत मात्र पेव्हर ब्लॉक असतात, तिथे खुंटी जात नाही. मग वजन लावायचं, तेही प्रत्येक टोकाला किमान १६३ किलो. वाळूची गोणी ५० किलोची धरली तर एका टोकाला चार, सहा टोकांना चोवीस गोण्या. झाली टनाच्या वर वाळू! छोट्या हत्तीच्या एका खेपेत ती मावत नाही, आणि मिकी माऊस अजून गोडाऊनमध्येच आहे. प्रत्यक्षात बरेच जण दोन गोण्या आणि एका खांबावर भागवतात, ते मी सुचवणार नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी वळीव येतो, तो पाऊस पडण्याआधी वारा घेऊन. त्या दिवसांत मोकळ्या मैदानाची ऑर्डर सकाळची घ्यावी. वारा मोजायचं हातातलं यंत्र जवळ असावं. गच्चीवर मांडायला सांगितलं तर सरळ नाही म्हणावं, गिऱ्हाईक जुनं असलं तरी. आत एका वेळी साधारण एकाच उंचीची मुलं, बूट-चष्मे बाहेर, आणि दाराशी आपला माणूस शेवटपर्यंत उभा. ही कामं यजमानांच्या काकांवर सोपवून चहाला जायचं नाही.

गुंडाळण्याआधी मिकी माऊस पूर्ण वाळवावा. ओला घडी केला की बुरशी धरते, आणि गोडाऊनमध्ये उंदीर असतील तर शिवणीपासूनच सुरुवात करतात.

वीज

दीड हॉर्सपॉवरचा ब्लोअर सुमारे १,१०० वॉट ओढतो, सुरू होताना त्याहून बराच जास्त. त्याला १६ ॲम्पिअरचा पॉइंट आणि जाड वायर हवी. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. गुंडाळीवरची वायर पूर्ण सोडूनच वापरावी, नाहीतर ती तापते. लाइट गेली की मिकी माऊस बसायला लागतो, तेव्हा मुलांना बाहेर काढायला पुन्हा तोच दारावरचा माणूस लागतो.

पॉपकॉर्न आणि बुढ्ढी के बाल

मशीन चांगलं चालतं, फक्त रंगाकडे लक्ष हवं. बुढ्ढी के बालमध्ये रोडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडल्यावर तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये बुढ्ढी के बालच्याच विक्रीवर बंदी घातली. पांढरी साखरच वापरा, मुलं तितक्याच आवडीने खातात. आपणच बनवून वाढणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. फुग्यांबाबतही अशीच काळजी हवी: हायड्रोजन भरून देणाऱ्याशी व्यवहार नको, तो वायू पेट घेतो.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. महाराष्ट्रात कामगार मोजकेच असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ ५० हजारांपर्यंत मिळतं, पहिल्या खरेदीला तेवढं पुरे. पब्लिक लायबिलिटी विमा मात्र काढाच. ‘मुलांची जबाबदारी पालकांची’ असं पावतीवर छापलं म्हणून आपला निष्काळजीपणा माफ होत नाही.

हंगाम

जून ते सप्टेंबर मैदानं बंद, पितृपक्षात ऑर्डरी जवळपास थांबतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं येतात. संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाणाचे दिवस. त्यासाठी काळा पडदा, पतंगांची सजावट आणि छोटा पाट असा वेगळा संच ठेवला तर बॉल पूलपेक्षा लवकर पैसे सुटतात. पावसाळ्यात शिवणी, चाकं, वायरी यांची दुरुस्ती करून घ्यावी.

बुकिंग घेताना

तारीख लिहिण्याआधी विचारायचं: मजला कितवा, लिफ्टमधून सामान नेऊ देतात का, जमीन माती की ब्लॉक, पॉवर पॉइंट किती लांब, सेक्रेटरींची परवानगी कोण घेणार. स्पीकर रात्री दहाला बंद होणार, हेही तेव्हाच सांगावं. अर्धे पैसे आगाऊ, अनामत वेगळी, आणि उरलेले पैसे सामान मांडून झाल्यावर, केक कापायच्या आत. नंतर यजमान पाहुण्यांत अडकतात, आणि आपल्याला गेटवर ताटकळावं लागतं.