बॅट न मिळालेला भाऊ

१८९२ च्या सुमारास पुण्यात, युरोपियनांच्या पूना क्लबात, बाळू पालवणकर महिना चार रुपयांवर कामाला लागले. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, टेनिसच्या कोर्टावर रेघा आखायच्या. मग साहेबांनी त्यांना सरावासाठी चेंडू टाकायला सांगितलं. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर हात बसवून घेत. आपल्याला बाद केलं तर ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. त्या साऱ्या तासांत बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, राबणं नेटिवांचं.

पुढे ते हिंदूंच्या संघातून खेळू लागले, पण त्या संघाला त्यांचे बळी हवे होते, पंगत नको होती. ते चांभार समाजातले, म्हणून चहा तंबूबाहेर आणि वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पस्तिशीच्या या गोलंदाजाने शंभरावर बळी घेतले. पतियाळाच्या महाराजांचा तो संघ बहुतेक सामने हरला, म्हणून हा आकडा मला अधिकच मोठा वाटतो. धाकटे भाऊ शिवराम त्याच दौऱ्यात होते. विठ्ठल आणि गणपत हे भाऊही पुढे हिंदूंकडून खेळले. एका घरातले चौघे!

कर्णधारपद मात्र बाळूंना मिळालं नाही. गुणांनी आणि अनुभवाने ते त्यांचंच होतं, असं मी निःशंकपणे म्हणतो. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत, म्हणजे हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांच्या स्पर्धेत, त्यांना वगळलं आणि कर्णधार पै आजारी पडल्यावर विठ्ठलना डावलून संघातल्या देवधरांना नेमलं, तेव्हा भावांनी जाहीरपणे संघ सोडला. क्रिकेटवर जीव असलेल्या माणसांनी मैदानाबाहेर राहायचं ठरवणं किती जड गेलं असेल! पण त्या नकाराने काम केलं. अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले ते बाळूंना उपकर्णधारपद मिळाल्यावरच.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल फलंदाज होते. थोरल्याला सरावातही न मिळालेली बॅट धाकट्याने त्या स्पर्धेत मानाने मिरवली. मात्र धाकट्याच्या यशाने थोरल्याचं गेलेलं भरून निघालं, असा हिशेब मला मान्य नाही.

जर-तर इथेच छळतं. भारताची पहिली कसोटी १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाली, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती आणि विठ्ठलही चाळिशीपार होते. वय कोणासाठी थांबत नाही, ते सोडून देऊ. पण कर्णधारपद वयाने हिरावलं नव्हतं. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी पंधराच्या आसपास, एवढं धावपुस्तकात आहे. अशा गोलंदाजाने क्षेत्ररक्षण कसं लावलं असतं, स्वतःला कोणत्या टोकाकडून आणलं असतं, हे पाहायची संधी निवडणाऱ्यांनी हिंदू क्रिकेटला दिली नाही. विठ्ठलनी १९४८ मध्ये आपलं क्रीडाजीवन मराठीत लिहून काढलं. बाळूंनीही तसं लिहायला हवं होतं. आठ आण्यांची गोष्ट खरी की खोटी, हे तरी त्यांच्याच तोंडून कळलं असतं.