खिशातला सिनेमा भिंतीवर!

एक हिशोब करून बघा. मागच्या लग्नसराईत तुम्ही फोनवर किती व्हिडिओ काढलेत? हळद, वरात, नवऱ्याला खांद्यावर उचलून घेणारी मित्रमंडळी, पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे काका... वीस-पंचवीस तर सहज निघतील. आता पुढचा प्रश्न. त्यातले किती व्हिडिओ घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिले?

शांतता!

आपल्याकडे होतं काय, की फोन फिरतो. एक जण बघतो, बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. ‘अरे, इकडे कर ना जरा’, ‘थांब, माझं व्हायचंय’ असं चालू असतं. मग कुणाचा तरी अंगठा लागतो आणि व्हिडिओ बंद. एवढा सगळा गोंधळ साडेसहा इंची पडद्याभोवती, आणि समोरच्या भिंतीवर हप्त्यांनी घेतलेला ४३ इंची टीव्ही काळा ठिक्कर! आडवा शूट केलेला तोच व्हिडिओ त्या टीव्हीवर लावला तर चित्राचं क्षेत्रफळ फोनच्या साधारण ६० पट होतं. साठ पट! तरी आपण डोकी एकमेकांवर आपटत बसतो. का? तर ‘ते कनेक्ट कसं करायचं कुणाला माहितेय?’

खरं तर आपण नाशिककरांनी हे म्हणूच नये. छोटी फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवली की काय होतं, हे ज्याने देशाला शिकवलं तो माणूस आपला. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७०मध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायचा तर भांडवल हवं होतं, आणि नुसत्या बोलण्यावर पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी १९१२मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली आणि ती चिमुकली फिल्म निवडक लोकांना पडद्यावर दाखवली. महिनाभराची वाढ डोळ्यांसमोर काही क्षणांत! पैसे लावणारा माणूस मिळाला. ३ मे १९१३ला मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला, मग फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. ते गेले तेही इथेच, १६ फेब्रुवारी १९४४ला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आपण तिथे जातो, कारंज्यापाशी सेल्फी काढतो, आणि तो सेल्फीही फोनमध्येच राहतो.

आजीला काय दिसलं?

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आजीमुळे. कॅनडातल्या मावसभावाचं बाळ चालायला लागलं, त्याचा व्हिडिओ आला. आजीचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. आम्ही फोन तिच्या हातात दिला की तिचं बोट पडद्यावर टेकतं आणि व्हिडिओ थांबतो. दोन वेळा असं झालं. मग ती ‘छान आहे हो’ म्हणाली आणि फोन परत दिला. तिला काहीही दिसलेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्या संध्याकाळी मी तोच व्हिडिओ टीव्हीवर लावला. आजी खुर्ची पुढे ओढून बसली. बाळ चाललं, पडलं, उठलं, टेबलावरचा चमचा त्याने उचलला. आजी एकदम म्हणाली, ‘‘अगं, हा तर डावखुरा! तुझ्या आजोबांसारखा!’’ आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ फोनवर आधीच पाहिला होता. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री तिने तो सहा वेळा लावायला लावला.

तेव्हा मुद्दा हाय-फाय गॅजेटचा नाहीच. ज्यांचे डोळे थकलेत, बोटं थरथरतात, त्यांच्यासाठी फोनवरचा व्हिडिओ म्हणजे बंद दार आहे. ते उघडायचं काम आपलं. त्यासाठी वाटा तीन आहेत, शिवाय एक चोरवाट. चला!

वाट पहिली : वायर लावा

फोन टीव्हीला जोडायची हौस काही आजची नाही. २००७मध्ये नोकिया एन-९५ आला तेव्हा हेडफोनच्या भोकात केबल घालून टीव्हीच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल सॉकेटला जोडता यायची. २०१०च्या नोकिया एन-८ला तर चक्क एचडीएमआयचं भोक होतं. २०११पासून काही अँड्रॉइड फोनमध्ये एमएचएल नावाची सोय आली, चार्जिंगच्याच भोकातून चित्र बाहेर काढायची. २०१७मध्ये जिओफोन जाहीर झाला तेव्हाही, कुठल्याही टीव्हीला जोडता येईल अशी केबल हा त्याचा एक हुकमी एक्का होता. म्हणजे दीड हजारांच्या डिपॉझिटवाल्या फोनलाही ही गरज कळली होती!

आजचे सगळे फोन टाइप-सीवाले. आणि इथेच मोठी गोम आहे. बाहेरून भोक सगळ्यांचं एकसारखं, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. काही फोनमध्ये त्याच भोकातून चित्रही बाहेर जातं. या सोयीचं नाव डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत ती २०१७च्या एस-८पासून आहे, आयफोनमध्ये २०२३च्या आयफोन १५पासून. गूगलने पिक्सेल ८मध्ये ती २०२४च्या अपडेटनंतर चालू केली. पण आपण सर्रास घेतो त्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये टाइप-सीचं भोक फक्त चार्जिंग आणि फाइल कॉपी करण्यापुरतं असतं. त्यांना टाइप-सी टू एचडीएमआय केबल कितीही भारी लावा, टीव्हीवर ‘नो सिग्नल’!

मी एमजी रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांमधून मुद्दाम फिरले. काउंटरवर एकच प्रश्न विचारायचा, या फोनमधून वायरने टीव्हीवर चित्र जाईल का? कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती, चार्जिंग किती मिनिटांत, हे तोंडपाठ. या प्रश्नाला मात्र बहुतेक ठिकाणी आधी एकमेकांकडे पाहणं आणि मग ‘चालेल ना मॅडम, टाइप-सी आहे.’ खोक्यांवर मी स्वतः शोधलं. ठळक अक्षरात हे लिहिलेलं एकही खोकं मला दिसलं नाही. तेव्हा केबल आधी घेऊ नका. तुमच्या फोनच्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं पान उघडा, ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउट’ शब्द दिसतोय का बघा. नसेल तर नाद सोडा, पुढच्या वाटेला लागा.

वाट दुसरी : आरसा धरा

म्हणजे मिररिंग. फोनवर जे दिसतंय ते जसंच्या तसं टीव्हीवर. अँड्रॉइडमध्ये यासाठीचं मिराकास्ट २०१२पासून आहे. सॅमसंगमध्ये त्याला ‘स्मार्ट व्ह्यू’ म्हणतात, बाकीच्यांत ‘स्क्रीन कास्ट’, ‘वायरलेस डिस्प्ले’ अशी नावं. बारसं प्रत्येकाने वेगळं केलंय, बाळ एकच! आयफोनवाल्यांसाठी एअरप्ले, आणि २०१९पासून सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या अनेक टीव्हींमध्ये ते आतच मिळतं.

मिराकास्टचा मोठा फायदा म्हणजे इंटरनेट लागत नाही, राउटरही लागत नाही. फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. गावाकडच्या घरी, फार्महाउसवर, लाइट आहे पण नेट नाही अशा जागी हाच तारणहार. तोटा? फोनला प्रत्येक चित्र दाबून लहान करायचं, हवेतून पाठवायचं आणि टीव्हीने ते पुन्हा उलगडायचं. त्यामुळे चित्र किंचित मागे पडतं, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते.

आणि एक जाम महत्त्वाची गोष्ट. आरसा म्हणजे आरसा! वरून येणारा प्रत्येक मेसेजही टीव्हीवर झळकतो. अख्खं घर लग्नाचा व्हिडिओ बघतंय आणि तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर बॉसबद्दलची मुक्ताफळं... किंवा त्याहून भलतंच काही! म्हणून आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’, मग मिररिंग. आधी कुंकू, मग लग्न नाही!

वाट तिसरी : नुसता पत्ता सांगा

म्हणजे कास्टिंग. बरेच जण मिररिंग आणि कास्टिंग एकच समजतात. फरक साधा आहे. कास्ट करताना तुमचा फोन व्हिडिओ पाठवतच नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, ‘अमुक ठिकाणी हा व्हिडिओ आहे, तू आण.’ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो खेचतो. म्हणून फोन लॉक करा, कॉल घ्या, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाका, टीव्हीवरचं चालूच राहतं. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत, एवढीच अट.

हे घराघरांत नेलं गूगलच्या क्रोमकास्टने. जुलै २०१३मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरला आलं, डिसेंबर २०१४मध्ये भारतात २,९९९ रुपयांना. अंगठ्याएवढं यंत्र, साध्या टीव्हीच्या मागे खोचलं की टीव्ही शहाणा! २०२४मध्ये गूगलने क्रोमकास्ट बनवणं थांबवलं, कारण ती सोय आता टीव्हीतच येते. युट्युबच्या कोपऱ्यात चौकोन आणि त्यात वायफायच्या लाटा असं चिन्ह दिसतं ना, तेच ते.

कुलूप कुणाच्या हातात?

आता थोडं कडू. तुम्ही काढलेला व्हिडिओ तुमचा आहे, तो कुठेही न्या. भाड्याने बघितलेला सिनेमा मात्र तुमचा नाही. मिररिंग करताना कधी आवाज येतो पण चित्र काळं राहतं, असं झालंय? टीव्ही बिघडलेला नसतो. ते कॉपी-बंदीचं कुलूप असतं. वायरच्या बाबतीत त्याचं नाव एचडीसीपी, आणि साखळीतली एखादी स्वस्त अडॅप्टरची कडी हे कुलूप ओळखत नसेल तर चित्र अडतं.

प्लॅनचीही भानगड असते. नेटफ्लिक्सने २०१९मध्ये भारतात फक्त मोबाइलसाठीचा प्लॅन आणला तो १९९ रुपयांना, २०२१च्या डिसेंबरमध्ये तो १४९वर आला. स्वस्त का? तर तो टीव्हीवर चालतच नाही. त्याच कंपनीने २०१९मध्ये एअरप्ले बंद केलं, आणि २०२५च्या अखेरीस फोनवरून बहुतेक टीव्हींवर कास्ट करायची सोयही काढून टाकली; टीव्हीतलंच अॅप वापरा म्हणे. म्हणजे काल चालत होतं ते आज चालेलच असं नाही. अशा वेळी आपल्या केबलला शिव्या घालण्यात अर्थ नसतो. आधी घरचा, स्वतः काढलेला एखादा व्हिडिओ लावून बघायचा. तो दिसला तर वाट बरोबर आहे, कुलूप दुसऱ्याचं आहे.

चोरवाट : पेन ड्राइव्ह

हसू नका! घरच्या व्हिडिओंसाठी हा सगळ्यात बिनबोभाट फंडा आहे. एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला साधं यूएसबी असा दोन तोंडी पेन ड्राइव्ह मिळतो. फोनला लावा, व्हिडिओ कॉपी करा, टीव्हीच्या मागे खोचा. नेट नको, पासवर्ड नको. आणि सगळ्यात भारी म्हणजे तुम्ही पुण्या-बंगळुरूला परत गेल्यावरही तो टीव्हीला तसाच राहतो. आईला फक्त रिमोटचं बटण दाबायचं.

यात दोन खाचा आहेत. एक, नवे फोन व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने दाबून ठेवतात आणि जुन्या टीव्हींना ती भाषा कळत नाही. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, अँड्रॉइडमध्ये ‘हाय एफिशियन्सी व्हिडिओ’ बंद करा. पुढचे व्हिडिओ चालतील. दोन, पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात मावत नाही. मग व्हिडिओचे तुकडे करा.

आणि शूट करतानाच...

फोन आडवा धरा, प्लीज! उभा व्हिडिओ टीव्हीवर लावला की मधे एक अरुंद पट्टी आणि दोन्हीकडे काळोख. पडद्याचा एक तृतीयांशसुद्धा भाग वापरला जात नाही. रील करायची असेल तर उभा ठीक, आजीसाठी आडवाच.

दुसरं, व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान झालेला असतो. फोनवर ते कळत नाही, ४३ इंचांवर चेहरे पुसट होतात. पाठवणाऱ्याला सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. थोडा वेळ लागेल, पण जसा काढला तसा येईल.

घरी अजून जुना डबा-टीव्ही असेल तरी हरकत नाही. एचडीएमआयचं चित्र पिवळ्या-पांढऱ्या-लाल सॉकेटला देणारा छोटा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. चित्र झकास नसेल, पण मोठं असेल.

तर मंडळी, पुढचा फोन घ्यायला एमजी रोडवर जाल तेव्हा मेगापिक्सेलच्या आधी एक करा. दुकानात टीव्ही किंवा मॉनिटर असतोच. केबल मागा आणि म्हणा, ‘दादा, जोडून दाखवा.’ दिसलं तर पैसे द्या. पाच मिनिटं जातील फार तर. शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं तर त्यालाही सांगा. त्याच्याही घरी एखादी आजी असेल!