स्वयंसेवा यंत्रे आणि सुटे पैसे

स्वयंसेवा यंत्रावर ग्राहक स्वतःच पैसे भरतो आणि वस्तू किंवा सेवाही स्वतःच घेतो. रेल्वेचे तिकीट देणारे यंत्र, पिण्याचे पाणी भरून देणारे यंत्र, स्थानकावरील वजनकाटा आणि युरोप-अमेरिकेत रूढ असलेले स्वतः गाडी धुण्याचे केंद्र ही त्याची उदाहरणे होत. अशा यंत्रापाशी विक्रेता नसतो. त्यामुळे नेमकी रक्कम कशी भरायची, जास्त भरलेले पैसे परत कसे मिळायचे आणि नाणे नसल्यास काय करायचे, हे प्रश्न यंत्र बसवतानाच सोडवावे लागतात. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात हे प्रश्न प्रामुख्याने उपनगरी रेल्वेच्या तिकिटांच्या संदर्भात उद्भवले. तेथे कुपन, स्मार्ट कार्ड, नाणी-नोटा घेणारे यंत्र आणि मोबाइल असे पर्याय क्रमाने आले. प्रत्येक पर्यायाने सुट्या पैशांची अडचण कमी केली, तथापि तिचा काही भार प्रवाशाकडे सरकवला.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

सुट्या पैशांना मराठीत मोड, खुर्दा आणि चिल्लर असेही म्हणतात. 'खुर्दा' हा शब्द 'लहान' या अर्थाच्या फारसी 'खुर्द' शब्दावरून, तर 'चिल्लर' हा द्राविडी भाषांतून आला आहे. मोड न केलेल्या अखंड रुपयास 'बंदा रुपया' म्हणत. नाण्यांची मोड व अदलाबदल करून देणे हा सराफांच्या व्यवसायाचा भाग होता आणि त्याबद्दल ते 'बट्टा' घेत. मराठेशाहीत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत आणि त्यांची किंमत सारखी नसे, म्हणून बट्टा ही नित्याची बाब होती. किरकोळ व्यवहारासाठी शिवराईसारखी तांब्याची नाणी वापरात होती. मोड पुरविण्यास खर्च येतो आणि तो कोणी तरी सोसावा लागतो, ही गोष्ट त्या काळी उघडपणे मान्य होती.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी एका रुपयाचे १६ आणे, म्हणजेच ६४ पैसे होत. नव्या पद्धतीत १०० नवे पैसे झाले. एक आणा सव्वासहा नव्या पैशांबरोबर असल्याने जुन्या किमतींचे रूपांतर नेहमी पूर्णांकात होत नसे. पुढे महागाईमुळे लहान नाणी निरुपयोगी ठरत गेली. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ५० पैशांचे नाणे कायदेशीर आहे, मात्र व्यवहारात ते क्वचितच दिसते.

नाण्यांविषयीचे नियम

नाणे अधिनियम, २०११ नुसार एक रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी, तर ५० पैशांची नाणी १० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहेत. सुट्यांऐवजी दुकानात दिले जाणारे चॉकलेट किंवा गोळी हे चलन नव्हे. ग्राहकाच्या संमतीने झालेली ती दुसरी खरेदीच होय.

१० रुपयांच्या नाण्याविषयी अनेक वर्षे अफवा पसरल्या आणि महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी विक्रेते ते नाकारीत. भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये १० रुपयांच्या नाण्याचे १४ प्रकार चलनात असून ते सर्व वैध असल्याचे स्पष्ट केले. बँकांच्या शाखांनी नाणी स्वीकारावीत व बदलून द्यावीत, असेही तिचे निर्देश आहेत.

यंत्राचे कार्य

नाण्यावरील अंक यंत्र वाचत नाही. फटीतून पडणाऱ्या नाण्याचा व्यास, जाडी, वजन आणि धातूचा चुंबकीय व विद्युतीय प्रतिसाद यांपैकी काही गोष्टी ते तपासते, आणि हे मोजमाप ठरलेल्या मर्यादेत बसले तरच नाणे स्वीकारते.

भारतीय नाण्यांच्या बाबतीत हे काम सोपे नाही. एकाच मूल्याची वेगवेगळ्या आकारांची नाणी एकाच वेळी चलनात असतात. २००७ च्या सुमाराचे एक रुपयाचे पोलादी नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहे; २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही नेमके तेवढेच आहे. हातात घेतल्यावर माणूस फसतो, तसेच केवळ व्यास आणि वजन पाहणारे यंत्रही फसते. १० आणि २० रुपयांची नाणी दोन्ही द्विधातूची व २७ मिलिमीटरची असून २० रुपयांचे नाणे मात्र बारा कोनांचे आहे. नवी मालिका आली की यंत्राची मोजमापे पुन्हा बसवावी लागतात.

उरलेले पैसे परत द्यायचे असतील तर यंत्रात प्रत्येक मूल्याच्या नाण्यांचा वेगळा साठा ठेवावा लागतो. व्यवहार पूर्ण होईपर्यंत भरलेली रक्कम तात्पुरत्या कप्प्यात धरून ठेवणे, व्यवहार रद्द झाल्यास तीच परत करणे आणि साठा संपल्यास 'नेमकी रक्कम भरा' अशी सूचना आधीच दाखवणे, हे चांगल्या यंत्राचे लक्षण मानले जाते. सूचना न देता जास्तीची रक्कम ठेवून घेणारे यंत्र ग्राहकाचे नुकसान करते.

स्वतः गाडी धुण्याच्या केंद्रात ही अडचण निराळ्या पद्धतीने टाळली जाते. तेथे पाण्याचा फवारा वेळेवर विकला जातो. प्रत्येक नाण्यामागे ठरावीक वेळ मिळतो आणि जास्त नाणे टाकल्यास जास्त वेळ मिळतो, त्यामुळे पैसे परत देण्याची गरज उरत नाही. मोठ्या नोटेची मोड करून देणारे किंवा तिच्या बदल्यात बिल्ले देणारे स्वतंत्र यंत्र बाजूस असते. वसई-विरार परिसरातील गाड्या धुण्याची केंद्रे बहुधा कामगारांकडून चालवली जातात व पैसे माणसाच्या हाती किंवा मोबाइलवरून दिले जातात, म्हणून तेथे हा प्रश्न त्या स्वरूपात उद्भवत नाही. रेल्वेच्या तिकिटाचे भाडे मात्र ठरलेले असते. जास्त पैशांच्या बदल्यात जास्त प्रवास देता येत नाही.

वसई-विरारमधील उपनगरी रेल्वे

नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील गर्दीची स्थानके आहेत. नोकरीनिमित्त रोज जाणारे बहुतेक प्रवासी मासिक किंवा त्रैमासिक पास काढतात. त्यामुळे सुट्या पैशांची अडचण त्यांच्यापेक्षा अधूनमधून प्रवास करणाऱ्यांना आणि जवळच्या स्थानकापर्यंत जाणाऱ्यांना अधिक जाणवते. द्वितीय श्रेणीचे किमान भाडे ५ रुपये आहे आणि पुढील भाडी पाचच्या पटीत आहेत. या रचनेमुळे एक व दोन रुपयांच्या नाण्यांची गरज तिकिटापुरती संपली. ५ रुपयांच्या नाण्याची गरज कायम राहिली.

कुपन पद्धतीत प्रवासी कुपनांची पुस्तिका आगाऊ विकत घेई आणि भाड्याएवढी कुपने स्थानकावरील यंत्रात घालून त्यांवर तारीख, वेळ व स्थानकाचा ठसा उमटवून घेई. रांग आणि मोड दोन्ही टळत. मात्र पुस्तिकेचे पैसे आधी द्यावे लागत, आणि यंत्र बंद असल्यास हाती कुपने असूनही तिकीट मिळत नसे. २०१५ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली.

त्यापूर्वीच स्मार्ट कार्डवर चालणारी स्वयंचलित तिकीट यंत्रे, अर्थात एटीव्हीएम, बसवण्यात आली होती. कार्डात आगाऊ रक्कम भरल्यावर प्रत्येक तिकिटाचे नेमके भाडे तीतून वजा होते. रक्कम भरणाऱ्यास रेल्वेने काही टक्के बोनसही देऊ केला. ही यंत्रे हाताळण्यास मदत व्हावी म्हणून निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांसारखे मदतनीस कमिशन तत्त्वावर नेमले गेले. ते आपल्या कार्डावरून तिकीट काढून देतात व रोख भाडे घेतात. अशा रीतीने स्वयंसेवा यंत्राशेजारी पुन्हा माणूस आला, आणि त्याच्याबरोबर सुट्या पैशांचा प्रश्नही आला. नाणी आणि नोटा घेणारी कोटीव्हीएम यंत्रेही रेल्वेने आणली. पुढे एटीव्हीएमवर क्यूआर कोड दाखवून मोबाइलवरून पैसे भरण्याची सोय झाली.

यूटीएस हे तिकिटाचे मोबाइल ॲप डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उपनगरी सेवेसाठी सुरू झाले. जुलै २०१५ मध्ये चर्चगेट ते डहाणू रोड या पट्ट्यात कागदविरहित तिकीट मिळू लागले. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेच्या विविध सेवा एकत्र आणणारे रेलवन हे ॲप सादर करण्यात आले.

स्थानकांवर पाणी देणाऱ्या यंत्रांची योजना भारतीय रेल्वे खानपान व पर्यटन महामंडळाने आखली. तिच्या सुरुवातीच्या दरपत्रकात स्वतःच्या भांड्यात पाणी भरून घेण्यासाठी ३०० मिलिलिटरला १ रुपया, अर्ध्या लिटरला ३ रुपये, एका लिटरला ५ रुपये आणि दोन लिटरला ८ रुपये असे दर होते. तिकिटापुरती अनावश्यक झालेली लहान नाणी या दरांमुळे पुन्हा आवश्यक ठरली.

रस्त्यावरील वाहतूक

एसटीच्या बसमध्ये सुटे नसल्यास वाहक देय रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो आणि प्रवासी ती उतरताना मागून घेतो. या जुन्या प्रथेत निदान देण्याची लेखी नोंद प्रवाशापाशी राहते. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात मीटरच्या रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. तीस रुपये दिल्यास चार रुपये परत करावे लागतात, आणि ते न मिळाल्यास प्रवासी सहसा वाद न घालता निघून जातो. रक्कम लहान असल्यामुळे तक्रार होत नाही. तथापि दिवसभराच्या अनेक फेऱ्यांत मिळून ती लहान राहत नाही.

यूपीआय आणि रोख रक्कम

राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी ५०० व १,००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतर २,००० रुपयांची नोट हाती असूनही तिची मोड मिळेनाशी झाली आणि मोबाइलवरून पैसे देण्यास चालना मिळाली. यूपीआयने नेमकी रक्कम देता येत असल्याने मोड लागत नाही. जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. प्रणालीचा खर्च बँका आणि सरकारी प्रोत्साहन योजना यांतून भागतो. जुना बट्टा अशा रीतीने ग्राहकाच्या नजरेआड गेला.

खात्यातून रक्कम वजा झाली पण व्यापाऱ्यास मिळाल्याची पुष्टी झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती पाच दिवसांत आपोआप परत व्हावी लागते. त्यापुढील विलंबासाठी बँकेने प्रतिदिन १०० रुपये भरपाई द्यायची असते. गाडी सुटण्याच्या वेळी मात्र प्रवाशाला तिकीट तत्काळ हवे असते. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये १२३ पे ही सेवा सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआयद्वारे पैसे घेऊन नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग १२ शहरांतील १९ ठिकाणी करण्याचे जाहीर केले. यूपीआयच्या प्रसारानंतरही नाण्यांची गरज संपलेली नाही, हे यावरून दिसते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातून भाजी, फुले आणि मासळी घेऊन जाणारे विक्रेते, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि स्मार्टफोन न वापरणारे वृद्ध यांचे बरेचसे व्यवहार रोखीने होतात. स्थानकाबाहेरचा किरकोळ विक्रेता हाच परिसरातील खुर्द्याचा मोठा साठेदार असतो. रोखीचा मार्ग बंद झाल्यास या वर्गास दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते.

व्यवस्थापनाची तत्त्वे

नाण्यांवर चालणाऱ्या कोणत्याही केंद्रास पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात :

• दर सहज मिळणाऱ्या नाण्याच्या पटीत ठेवणे. दर वाढवताना तो नाण्यांच्या दृष्टीनेही तपासणे.
• स्वीकारली जाणारी नाणी व नोटा, तसेच मोड मिळते की नाही, हे पैसे भरण्याच्या फटीजवळ मराठीत ठळकपणे लिहिणे.
• दिवसाच्या सुरुवातीस ठरावीक खुर्दा भरणे आणि जमा झालेली नाणी पुन्हा साठ्यात फिरवणे. असे केल्याने बँकेतून नवी नाणी आणण्याची गरज कमी होते.
• रोख व मोबाइल असे किमान दोन मार्ग ठेवणे. वीज किंवा इंटरनेट खंडित झाल्यास नाण्यावर चालणारा मार्गही बंद पडू शकतो, हे गृहीत धरणे.
• अडकलेल्या पैशांसाठी दूरध्वनी क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि परताव्याची मुदत यंत्रावर लिहिणे.
• आगाऊ भरलेली शिल्लक कोणत्या अटीवर परत मिळेल, हे ग्राहकास आधी सांगणे.

यांपैकी शेवटच्या दोन बाबींवर ग्राहकाचा विश्वास विशेष अवलंबून असतो. तिकीट खिडकीवर पाच रुपये कमी मिळाल्यास प्रवासी तेथेच मागू शकतो. यंत्रापाशी हे मागण्याची सोय लिहून ठेवलेली नसेल, तर ते पैसे प्रवाशाला गमवावे लागतात.