तीन फासे, दोन बेरजा

लुडोचा फासा तुम्ही टाकलाच असेल. त्याच्या सहा बाजूंवर १ ते ६ ठिपके असतात. असे तीन फासे एकदम टाकले, तर ठिपक्यांची बेरीज ९ येण्याचा संभव जास्त की १० येण्याचा? उत्तराची घाई करू नका.

सुमारे १६२० साली इटलीत हाच प्रश्न गॅलिलिओपुढे आला. होय, दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा तोच गॅलिलिओ. फासे खेळणाऱ्यांचा अनुभव होता की ९ पेक्षा १० थोडे अधिक वेळा पडतात. (पैसे लावून खेळणे वाईटच, आपल्याला त्यातले फक्त गणित हवे.) पण कागदावर दोन्ही बेरजा सारख्याच दिसत.

९ चे गट : ६-२-१, ५-३-१, ५-२-२, ४-४-१, ४-३-२, ३-३-३.
१० चे गट : ६-३-१, ६-२-२, ५-४-१, ५-३-२, ४-४-२, ४-३-३.

दोन्हीकडे सहा-सहा गट. मग अनुभव खोटा की हिशेब?

हिशेब अपुरा होता. आधी दोन नाणी घेऊ, एक रुपयाचे आणि एक दोन रुपयांचे. ती उडवली तर दोन छापे, दोन काटे किंवा एक छापा व एक काटा पडेल. म्हणजे तीनच प्रकार? नाही. रुपयावर छापा व दुसऱ्या नाण्यावर काटा हा एक प्रकार. रुपयावर काटा व दुसऱ्यावर छापा हा वेगळा प्रकार. एकूण प्रकार चार. म्हणून एक छापा व एक काटा पडण्याची संभाव्यता १/३ नसून २/४, म्हणजे १/२ आहे. दोन्ही नाणी एकसारखी घेतली तरी उत्तर हेच राहते.

संभाव्यता, म्हणजे उर्दूतील एहतिमाल, काढताना हव्या असलेल्या प्रकारांना एकूण प्रकारांनी भागतात. मात्र सर्व प्रकार सारख्याच शक्यतेचे हवेत. ही अट फार महत्त्वाची आहे.

आता फाशांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग द्या. एकूण प्रकार ६ × ६ × ६ = २१६. त्यांत ६-२-१ हा गट किती वेळा येतो? तीन वेगळे अंक तीन फाशांवर १ × २ × ३ = ६ रीतींनी बसतात. ५-२-२ मध्ये दोन अंक सारखे, म्हणून फक्त ३ रीती. ३-३-३ ची एकच रीत. अशा मांडण्या मोजण्याचे नियम भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' या संस्कृत ग्रंथात दिले आहेत. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली या ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले.

आता बेरीज करू.

९ साठी : ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ = २५.
१० साठी : ६ + ३ + ६ + ६ + ३ + ३ = २७.

म्हणजे संभाव्यता २५/२१६ आणि २७/२१६. खेळाडूंचा अनुभव खरा होता! फरक फक्त २/२१६, म्हणजे १/१०८ एवढा. सरासरीने १०८ वेळा फासे टाकावेत, तेव्हा कुठे १० ची बेरीज ९ पेक्षा एकदा जास्त येते. एवढा बारीक फरक त्यांच्या ध्यानात आला, याचे नवल वाटते.

११ ही बेरीज किती प्रकारांनी येईल? गट पाडत बसू नका. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते. तेव्हा तीन फाशांच्या वरच्या बाजूंवर १० दिसत असतील, तर खालच्या बाजूंवर किती असतील ते पाहा.