विश्लेषण : संघ हरतो, प्रशिक्षक जातो, पैसे कोण भरते? लुईव्हिलच्या बास्केटबॉल चाहत्यांच्या संतापामागचे गणित

अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २०२२-२३च्या हंगामात ३२ पैकी २८ सामने गमावले. पुढच्या हंगामात ३२ पैकी २४. दोन वर्षांत १२ विजय आणि ५२ पराभव अशी कामगिरी झाल्यावर मार्च २०२४मध्ये प्रशिक्षक केनी पेन यांची हकालपट्टी झाली आणि जाताना त्यांना ८० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ६६ कोटी रुपये, देणे विद्यापीठाला बंधनकारक ठरले. पराभवांमुळे चाहते निराश होतेच, पण रिकाम्या स्टेडियमचे कर्ज, जुन्या प्रशिक्षकांची देणी आणि दरवर्षीच्या देणगीची मागणी यामुळे या निराशेचे रूपांतर संतापात झाले. कॉलेजच्या एका संघाचा पराभव संपूर्ण शहराच्या खिशापर्यंत कसा पोहोचतो, याचे लुईव्हिल हे बोलके उदाहरण आहे.

एका कॉलेज संघासाठी शहर इतके हळवे का?

लुईव्हिल हे केंटकी राज्यातील सर्वांत मोठे शहर. मुहम्मद अली यांचे जन्मगाव आणि ‘केंटकी डर्बी’ या घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध. मात्र या शहरात एनबीएचा संघ नाही. केंटकी कर्नल्स हा व्यावसायिक संघ १९७६मध्ये बंद पडला. तेव्हापासून विद्यापीठाचा ‘कार्डिनल्स’ हाच शहराचा संघ. आपल्याकडे आयपीएलच्या संघाला जे वलय असते, ते तिथे कॉलेजच्या संघाला आहे.

प्रशिक्षक डेनी क्रम यांच्या काळात संघाने १९८० आणि १९८६मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. २०१३मध्ये रिक पिटिनो यांच्या मार्गदर्शनाखाली तिसरे विजेतेपद मिळाले. त्याच सुमारास ‘फोर्ब्स’च्या यादीत देशातील सर्वाधिक मूल्य असलेला कॉलेज बास्केटबॉल संघ म्हणून लुईव्हिलचे नाव सलग काही वर्षे पहिले होते. तिकिटे मिळत नसत, घरातील सीझन तिकीट एका पिढीकडून दुसरीकडे जात असे. त्यामुळे २०२२नंतर जे घडले ते चाहत्यांना घरातली पडझड वाटली.

घसरण कुठून सुरू झाली?

सुरुवात मैदानाबाहेर झाली. खेळाडू आणि भरतीसाठी आलेल्या मुलांकरिता वसतिगृहात वेश्यांना बोलावल्याचे प्रकरण २०१५मध्ये उघड झाले. त्या प्रकरणात ‘एनसीएए’ने, म्हणजे कॉलेज क्रीडास्पर्धांच्या राष्ट्रीय नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०१८मध्ये २०१३चे विजेतेपद रद्द केले. पुरुष बास्केटबॉलमध्ये विजेतेपद काढून घेतले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. सभागृहात टांगलेला विजयाचा झेंडा उतरवावा लागला.

त्याआधीच, सप्टेंबर २०१७मध्ये एफबीआयने कॉलेज बास्केटबॉलमधील लाचखोरीची चौकशी जाहीर केली. बुटांच्या कंपनीमार्फत भरतीसाठी पैसे दिल्याच्या आरोपात लुईव्हिलचेही नाव आले. पिटिनो आणि क्रीडा संचालक टॉम ज्युरिच या दोघांनाही महिन्याभरात जावे लागले. या चौकशीवरचा अंतिम निर्णय यायला नोव्हेंबर २०२२ उजाडले. शिक्षा सौम्य होती, मोठ्या स्पर्धांवर बंदी आली नाही. पण पाच वर्षे डोक्यावर टांगती तलवार असलेल्या संघाकडे चांगले खेळाडू सहजासहजी वळत नाहीत, हे नुकसान तोपर्यंत होऊन गेले होते.

केनी पेन यांच्याकडून इतक्या अपेक्षा का होत्या?

पेन हे १९८६च्या विजेत्या संघातील खेळाडू. नंतर सहायक प्रशिक्षक म्हणून नावाजलेले. लुईव्हिलच्या पुरुष संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. मार्च २०२२मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा ‘आपला माणूस परत आला’ अशीच शहराची भावना होती. करार सहा वर्षांचा, वार्षिक ३३ लाख ५० हजार डॉलरचा.

प्रत्यक्षात हंगाम सुरू होण्याआधीच, सरावाच्या सामन्यात, खालच्या श्रेणीतील लेनवा-राइन विद्यापीठाने लुईव्हिलला हरवले. त्यानंतर पहिले तीन सामने प्रत्येकी एका गुणाने गेले. सलग नऊ पराभवांनंतर डिसेंबरच्या मध्यात पहिला विजय मिळाला. दोन हंगामांच्या मधल्या काळात, मे २०२३मध्ये, क्रम यांचे निधन झाले. ज्यांनी उभारलेल्या वारशासाठी लोक सामन्याला येत होते, ते गेले आणि दुसऱ्या हंगामातही चित्र बदलले नाही. आपल्याच संघातून घडलेल्या माणसावर ओरडायचे तरी कसे, हा पेच अनेक जुन्या चाहत्यांपुढे होता. त्यांनी हुर्यो उडवली नाही, ते यायचे थांबले.

प्रशिक्षकाला काढणे इतके महाग का?

याचे उत्तर करारातील ‘बायआउट’ या कलमात आहे. गैरवर्तन किंवा नियमभंगासारखे ठोस कारण नसताना, केवळ संघ हरतो म्हणून प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तर विद्यापीठाने त्याला ठरलेली रक्कम द्यायची. नामांकित प्रशिक्षक दुसरीकडे जाऊ नये म्हणून विद्यापीठे लांब मुदतीचे करार करतात, आणि करार जितका लांब तितकी ही रक्कम फुगते. नेमणुकीच्या दिवशी सगळे आनंदात असतात, त्यामुळे या कलमाकडे फारसे कोणी पाहत नाही.

लुईव्हिलने हा खर्च एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केला. ज्युरिच यांच्याशी २०१८मध्ये ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पिटिनो यांनी जवळपास चार कोटी डॉलरचा दावा लावला होता, तो मात्र २०१९मध्ये पैसे न देता मिटला. त्यांच्या जागी आलेले ख्रिस मॅक जानेवारी २०२२मध्ये, हंगामाच्या मध्यातच बाहेर पडले, त्यांना ४८ लाख डॉलर ठरले. त्यानंतर पेन यांचे ८० लाख. म्हणजे सुमारे सहा वर्षांत, निघून गेलेल्या तिघांसाठीच १ कोटी ७३ लाख डॉलर.

दुसरा हिशेबही करून पाहता येतो. पेन यांचे दोन हंगामांचे ठरलेले मानधन ६७ लाख डॉलर. त्यात बायआउटचे ८० लाख मिळवले आणि १२ विजयांनी भागले, तर एक विजय सव्वाबारा लाख डॉलरना पडला.

चाहता नेमके कशाकशाचे पैसे देतो?

पहिला खर्च तिकिटाचा. पण मोठ्या कॉलेज संघांत चांगल्या जागेचे सीझन तिकीट नुसत्या तिकिटाच्या किमतीत मिळत नाही. त्याआधी विद्यापीठाच्या क्रीडा निधीला दरवर्षी देणगी द्यावी लागते. देणगी जितकी जास्त आणि जितकी वर्षे जुनी, तितकी जागा मैदानाजवळ. या देणगीच्या ८० टक्के रकमेवर पूर्वी करसवलत मिळत असे. २०१७च्या करसुधारणा कायद्याने ती २०१८पासून बंद केली. म्हणजे संघ घसरू लागला त्याच सुमारास जागा राखणेही महाग झाले.

दुसरा खर्च कराच्या रूपाने. संघ २०१०पर्यंत ‘फ्रीडम हॉल’ या जुन्या सभागृहात खेळत असे. त्या वर्षी ओहायो नदीकाठी २२,०९० आसनांचे ‘केएफसी यम! सेंटर’ सुरू झाले. त्याची मालकी विद्यापीठाकडे नाही, ‘अरिना अथॉरिटी’ या सार्वजनिक संस्थेकडे आहे, आणि ते रोखे विकून उभे राहिले. नव्या सभागृहामुळे परिसरातील व्यवसाय वाढतील, वाढीव कर मिळेल आणि त्यातून रोखे फिटतील, असे गणित होते. कर अपेक्षेइतका वाढला नाही. २०१७मध्ये कर्जाची फेररचना झाली तेव्हा शहराने दरवर्षी सुमारे १ कोटी ८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि विद्यापीठाने आपल्या भाड्यात दरवर्षी सुमारे २४ लाख २० हजार डॉलरची भर घातली.

म्हणजे सामन्याला कधीही न गेलेला लुईव्हिलकरही या संघाचा एका अर्थाने भागधारक आहे.

मग सामन्यांवर बहिष्कार टाकून काय साधते?

चाहत्याच्या हातात एकच हत्यार असते, ते म्हणजे न येणे. नव्या सभागृहाच्या सुरुवातीच्या हंगामांत सरासरी २० हजारांहून अधिक प्रेक्षक येत. पेन यांच्या काळात वरच्या मजल्यावरील रांगाच्या रांगा ओस पडल्या. कॉलेज संघ जाहीर करतात तो आकडा बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा असतो, प्रत्यक्ष आत आलेली माणसे त्याहून कमी. त्यामुळे कागदावरची गर्दी आणि टीव्हीवर दिसणाऱ्या रिकाम्या खुर्च्या यांचा मेळ बसत नव्हता, आणि त्यानेही लोक चिडत.

पण हे हत्यार दोन्हीकडून कापते. प्रेक्षक घटले की तिकीट, खाद्यपदार्थ, वाहनतळ यांचे उत्पन्न घटते, आसपासच्या हॉटेलांचा धंदा बसतो, आणि ज्या करातून कर्ज फेडायचे तोही आटतो. शिवाय उत्पन्न कमी असताना बायआउट देणे विद्यापीठाला अधिक अवघड जाते. म्हणजे ज्या प्रशिक्षकाला घालवण्यासाठी लोक घरी बसतात, त्याला घालवण्याचे पैसेच त्यामुळे कमी पडतात. दुसरीकडे, रिकाम्या खुर्च्यांचे नुकसान बायआउटपेक्षा मोठे होईल असे वाटू लागले की विद्यापीठाचा निर्णय होतो. म्हणून बहिष्काराचा परिणाम होतो, पण उशिरा आणि शहराच्या खर्चाने.

मैदानावरच्या पराभवाचा आणखी एक थेट आर्थिक तोटा आहे. मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा करार २०३२पर्यंत असून त्याच्या शेवटच्या आठ वर्षांचेच मूल्य ८८० कोटी डॉलर आहे. या पैशातील एक हिस्सा स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांच्या हिशेबाने महाविद्यालयांच्या गटांना, म्हणजे कॉन्फरन्सना, मिळतो. एका सामन्याचे मोल सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर. लुईव्हिल २०१९नंतर थेट २०२५मध्येच या स्पर्धेत पोहोचले.

खेळाडूंना पैसे मिळू लागल्याने काय बदलले?

जुलै २०२१पासून कॉलेज खेळाडूंना जाहिराती व प्रायोजकत्वातून कमाई करता येऊ लागली. त्यासाठीचा निधीही बहुतेक ठिकाणी चाहते आणि स्थानिक उद्योजकांकडूनच मागितला गेला. जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनुसार आजी-माजी खेळाडूंना भरपाईपोटी सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे आहेत आणि विद्यापीठांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात. २०२५-२६साठी त्याची मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे.

म्हणजे बायआउटवर गेलेल्या प्रत्येक डॉलरला आता स्पष्ट पर्याय आहे. पूर्वी तो डॉलर नव्या व्यायामशाळेत गेला असता, आता तो चांगल्या खेळाडूवर खर्च होऊ शकतो. ‘आमच्या देणगीचे काय केले,’ हा चाहत्यांचा प्रश्न म्हणूनच अधिक धारदार झाला आहे.

आता पुढे काय?

पेन यांच्या जागी मार्च २०२४मध्ये पॅट केल्सी आले. एका विद्यापीठातून दुसरीकडे जाण्याचे नियम सैल झाल्याचा फायदा घेत त्यांनी जवळपास संपूर्ण संघ नव्याने बांधला. २०२४-२५च्या हंगामात २७ विजय आणि आठ पराभव. आदल्या वर्षीपेक्षा १९ विजय अधिक. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत क्रेटनकडून हार झाली, तरी प्रेक्षक सभागृहाकडे परतू लागले होते.

या यशाने चाहत्यांचा संताप निवळला, पण त्यांचे म्हणणेही खरे ठरले. ‘संघबांधणीला पाच वर्षे द्या’ असे सांगून आता कोणाला थांबवता येणार नाही, कारण एका उन्हाळ्यात संघ उभा राहू शकतो हे त्यांनी पाहिले आहे. मात्र अधीर चाहते आणि लांब मुदतीचे करार एकत्र आले की बायआउटची पुढची रक्कम ठरलेलीच. संघ जिंकत आहे तोवर ते कलम कोणी वाचणार नाही. ते वाचण्याची खरी वेळ मात्र तीच आहे.