पाळणा तिकडे, मत कुठे?

कोथरूडमधून लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आजीच्या सामानात डिंकाचे लाडू, अळीव आणि दुपटी हमखास असतात. नातवाच्या नागरिकत्वाची काळजी करण्याची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती. तिथे जन्मलेले मूल तिथले, हा नियम पक्का होता. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने त्यालाच हात घातला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिकत्व नाही, असा तो आदेश. एच-वन-बी व्हिसावर गेलेली आपली जोडपी त्यात सरळसरळ सापडतात. तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायालयाने तो रोखला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याचा कीस तिथे पडेलच. पण स्थलांतरितांच्या मुलांना त्या देशाच्या कारभारात वाटा द्यायचा असेल, तर जन्मसिद्ध नागरिकत्वाइतका सरळ मार्ग दुसरा नाही, असे माझे मत आहे.

एकाच घरातली दोन भावंडे घ्या. थोरला पुण्यात जन्मलेला, तान्हेपणीच न्यू जर्सीला गेलेला. धाकटी तिथेच जन्मलेली. शाळा एक, भाषा एक. पण ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ देत नसल्याने भारतीयांची रांग लांबलचक झाली आहे. वडिलांचा नंबर लागण्याआधी थोरल्याला एकविसावे लागले, की त्याचा आश्रित व्हिसा संपतो. धाकटी त्याच वयात मतदान करत असते.

राजकारणात या फरकाचे फळ दिसते. निकी हेली आणि कमला हॅरिस यांच्या जन्मावेळी त्यांचे आईवडील अमेरिकेचे नागरिक नव्हते. तरी एक राज्यपाल झाली, दुसरी उपराष्ट्राध्यक्ष. उलट जर्मनीत तुर्की कामगारांची तिथे जन्मलेली मुलेही कायद्याने परदेशीच राहत. अशा घरातला पहिला खासदार, जेम ओझदेमिर, १९९४ साली निवडून आला, तोही अर्ज करून नागरिकत्व मिळवल्यावर. आपण अभिमानाने नाव घेतो त्या आयर्लंडच्या माजी पंतप्रधान लिओ वराडकरांचे उदाहरण इथे जपून वापरावे. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे असले, तरी आई आयरिश होती. आई परदेशी असती तर २००४च्या सार्वमतानंतर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या तशा मुलाला केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळाले नसते.

केवळ पासपोर्टसाठी तिकडे जाऊन बाळंत होणारे लोक आहेत, हा आक्षेप खोटा नाही. त्यांना व्हिसाच्या टप्प्यावर अडवता येते. त्यासाठी वर्षानुवर्षे कर भरणाऱ्यांच्या मुलांना वेठीला का धरायचे? दुसरा आक्षेप निष्ठेचा. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कवरही चिनी आईवडिलांमुळे तो घेतला गेला. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे त्याला नागरिक ठरवले. ज्याला मतच नाही त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणे म्हणजे पेरणीआधी पीक मागणे.

खरी अडचण आपल्या घरातली आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले जवळपास प्रत्येक मूल भारतीय होते. त्यानंतर आईवडिलांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरे बेकायदा स्थलांतरित नसावेत, हीही अट आली. आसामच्या आंदोलनाची पार्श्वभूमी त्यामागे होती आणि ती चिंता पोकळ नव्हती. पण १९८६ साली कांगड्यात जन्मलेल्या तिबेटी नामग्याल डोल्कर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये भारतीय ठरवले, तर १९८८ साली तिथेच जन्मलेल्या तिबेटी निर्वासितांच्या मुलाला जन्माने तो हक्क नाही. यात घुसखोरीचा संबंध कुठे येतो? आईवडिलांपैकी एकजण ठरावीक वर्षे कायदेशीर राहिला असेल तर मूल जन्मतः नागरिक, ही वाट जर्मनीने २००० साली धरली. सीमेची चिंता राखूनही भारताला ती चालता येईल. नातवासाठी अमेरिकेकडे आपण जे मागतो, ते धरमशालेतल्या तिबेटी मुलासाठी दिल्लीकडे मागायला कोथरूडकराने कचरू नये.